मुलांचे प्रवेश घरीच केले, आता प्रवेश-मार्गदर्शनाचं काम करायचं आहे (नागपूर)

ऑरेंजसिटी_आई

नमस्कार मंडळी. घरातल्या दोन्ही मुलांचे प्रवेश कुठलाही एजंट न धरता पार पडले, एक कॅपमधून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) अभियांत्रिकीला आणि एक नीटमधून. आता ओळखीतले पालक अर्ज कसा भरायचा ते विचारतात. हे काम रीतसर फी घेऊन, मन लावून करायचं आहे. मुलांना वापरून पैसा करायचा नाही, पण फुकट सल्ला देत बसायचीही इच्छा नाही.

विचारायचं असं: आधी नेमकं काय शिकायचं? काही प्रमाणपत्र लागतं का? फी कशी ठरवावी, नोंदणी कोणती करावी? आणि परदेशी विद्यापीठांचे अर्जही घ्यावेत का? ज्यांना या कामातलं आतलं ठाऊक आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

एफसी_टेबल

ताई, नागपुरात या कामाची गरज आहे, नक्की करा. पण आपल्या मुलाचा प्रवेश म्हणजे एका प्रवर्गाचा, एका पर्सेंटाइलचा आणि एकाच वर्षाच्या नियमांचा अनुभव. पुढच्या जूनमध्ये तुमच्यासमोर बसणारी मुलगी ओबीसी असेल, बारावी चंद्रपूरची असेल, वडिलांचा पगार नऊ लाख असेल, सीईटीला ८७ पर्सेंटाइल असतील. तिला तुमच्या घरच्या यादीचा काहीच उपयोग नाही. म्हणून जे प्रवर्ग तुमच्या घरात आले नाहीत, त्यांचा अभ्यास आधी करा.

सुरुवात कटऑफ वाचण्यापासून. सीईटी सेलच्या, म्हणजे कॅप चालवणाऱ्या राज्याच्या कक्षाच्या, संकेतस्थळावरून मागच्या तीन वर्षांच्या सगळ्या फेऱ्यांच्या पीडीएफ उतरवून घ्या. संस्थेच्या मूळ चार अंकी कोडात पहिला आकडा विभागाचा असतो: १ अमरावती, ३ मुंबई, ४ नागपूर, ६ पुणे. हल्ली त्याच्या पुढे शून्य लागलेलं दिसतं. तक्त्यातला वरचा आकडा गुणवत्ता क्रमांक, आणि खाली कंसात पर्सेंटाइल. पालक कंसातलंच बघतात, तुम्ही दोन्ही बघा. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या बदलली की त्याच पर्सेंटाइलला वेगळा क्रमांक येतो, आणि जागा मिळते ती क्रमांकावर.

मग प्रवर्गाचे कोड. 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटी 'एच' म्हणजे गृह विद्यापीठ, 'ओ' म्हणजे त्याबाहेरचा, 'एस' म्हणजे राज्यस्तर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली गोंडवाना विद्यापीठात. म्हणजे वर जिचं उदाहरण दिलं ती मुलगी नागपूरच्या खासगी महाविद्यालयात 'ओ'च्या रांगेत उभी राहते, 'एच'चा कटऑफ तिच्या कामाचा नाही. हे न पाहता यादी करणारे लोक गल्लोगल्ली आहेत.

ज्यांचं दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातलं, त्यांचं गृह विद्यापीठ बारावीच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या जागेवरून ठरतं, घराच्या पत्त्यावरून नाही. शिकवणी रामदासपेठेत आणि बारावीचं नाव भलत्याच जिल्ह्यातल्या टाय-अप कॉलेजात (शिकवणीशी जोडलेल्या, नावापुरत्या), असं आपल्याकडे सर्रास चालतं. पहिल्या भेटीत बारावीचं हॉलतिकीट मागा, शिकवणीचं आयकार्ड नको.

कटऑफ हलतात कशाने, तेही समजून घ्या. २०२४-२५ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) चांगल्या संस्थांच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली, त्यामुळे कॉम्प्युटरच्या जागा काही ठिकाणी एकदम वाढल्या. जागा वाढल्या की कटऑफ खाली येतो आणि जवळच्या दुसऱ्या महाविद्यालयाचाही घसरतो. नव्या नावाच्या शाखेला मागचा कटऑफच नसतो. तिथे त्याच महाविद्यालयाच्या कॉम्प्युटर आणि आयटीच्या मधला अंदाज धरावा लागतो. आणि एखादं महाविद्यालय खासगी विद्यापीठ झालं असेल तर त्याची प्रवेशपद्धत त्या वर्षी नव्याने वाचा, जुना तक्ता बाजूला ठेवा.

सरावासाठी वीस काल्पनिक विद्यार्थी लिहून काढा: प्रवर्ग, जिल्हा, पर्सेंटाइल, उत्पन्न, मुलगा की मुलगी. प्रत्येकाची यादी २०२४ च्या कटऑफवर बनवा आणि २०२५ च्या अलॉटमेंटवर (जागावाटपावर) तपासा. जिथे अंदाज चुकला तिथे कारण शोधा. हे वीस झाल्याशिवाय कुणाकडून पैसे घेऊ नका.

---

कागद_आधी

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, पण माझं मत विचाराल तर प्रवेश कटऑफपेक्षा कागदावर जास्त हुकतात. हुशार पोरगं, चांगले गुण, आणि एका दाखल्यापायी राखीव जागा जाते आणि ते खुल्यात ढकललं जातं. सल्लागाराने फीचा अर्धा मोबदला इथेच फेडायचा असतो.

सगळ्यात वेळखाऊ जात वैधता, म्हणजे जातीच्या दाखल्याची समितीकडून पडताळणी. ती अकरावीत असतानाच सुरू करा. अर्ज बार्टी या राज्याच्या संस्थेच्या ऑनलाइन प्रणालीवर, सोबत कनिष्ठ महाविद्यालयाचं पत्र, वंशावळीचं शपथपत्र आणि जुने पुरावे. पुराव्याची मानीव तारीख प्रवर्गागणिक वेगळी आहे: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमाती २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधीची जातीची नोंद आणि वास्तव्य, दोन्ही दाखवावं लागतं. आपल्या भागात उपयोगी पडतात ते आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल आणि जुने महसुली कागद. वडील, काका, चुलतभाऊ यांपैकी कुणाची वैधता आधीच झाली असेल तर ती पहिल्यांदा जोडा, काम हलकं होतं. अनुसूचित जमातीसाठी तपासणी समिती वेगळी असते, अर्ज चुकीच्या दारात नेऊ नका.

अडकतं कुठे? आडनावाच्या आणि पहिल्या नावाच्या लेखनात. जुन्या मध्य प्रांताच्या नोंदी हिंदीत, पुढच्या मराठीत, त्यानंतरच्या इंग्रजीत. एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं निघतं. अशा वेळी एकच व्यक्ती असल्याचं शपथपत्र आधीच करून ठेवा.

आता नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे ओबीसी वगैरे प्रवर्गातलं कुटुंब उन्नत गटात नसल्याचं प्रमाणपत्र. राज्याच्या कॅपसाठी ते प्रवेशाचं आर्थिक वर्ष संपेपर्यंत, म्हणजे २०२५-२६ ला ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध लागलं. पण जोसा या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेसाठी, म्हणजे व्हीएनआयटी (नागपूरची एनआयटी), ट्रिपलआयटी, आयआयटीसाठी, केंद्राच्या नमुन्यातलं आणि त्याच वर्षी १ एप्रिलला किंवा नंतर काढलेलं प्रमाणपत्र लागतं. राज्याचं तीन वर्षांचं तिथे चालत नाही. ईडब्ल्यूएसचंही (आर्थिक दुर्बल घटक) तसंच, राज्याचं वेगळं, केंद्राचं वेगळं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच 'आपले सरकार' पोर्टलवर दोन्ही अर्ज टाकायला लावा. जूनमध्ये सेतू केंद्राबाहेर रांग लागते आणि तलाठ्याच्या अहवालापासून सगळं लांबतं.

एसईबीसी (मराठा आरक्षणाचा) हा राज्याचा प्रवर्ग, केंद्राच्या यादीत तो नाही. असा मुलगा जोसात खुल्यातून जातो, किंवा उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसला तर केंद्राच्या ईडब्ल्यूएसमधून. त्या अटी म्हणजे उत्पन्न ८ लाखांच्या आत, शेती ५ एकरांपेक्षा कमी, फ्लॅट १००० चौरस फुटांपेक्षा कमी. शिवाय निवासी प्लॉटवरही मर्यादा आहे. बेसा-मनीषनगरकडे प्लॉट घेऊन ठेवलेल्या पालकांना हे आठवणीने विचारा, त्यांच्या डोक्यात फक्त पगार असतो.

आणखी एक गल्लत. नॉन-क्रिमीलेयर ठरवताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न त्या ८ लाखांत धरत नाहीत. आईवडिलांचं पद मात्र पाहतात. म्हणजे नऊ लाख पगाराच्या वडिलांच्या मुलीला नॉन-क्रिमीलेयर मिळू शकतं. पण फी माफीसाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्यात पगारही येतो. म्हणजे तिला ओबीसीची जागा मिळेल, फी माफी मिळणार नाही. पालकांना हे जागा घेतल्यावर कळलं तर घरचं सगळं गणित कोलमडतं, म्हणून पहिल्याच भेटीत सांगायचं.

---

गोसेखुर्द

कागद_आधी दादा, खूप मोलाचं लिहिलंत. एक शंका: पोरगं अकरावी-बारावीला राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवलं आणि शाळा तिथलीच दाखवली, तर व्हीएनआयटीच्या प्रवेशावर काही फरक पडतो का? आमच्या भंडाऱ्याकडून बरीच मुलं जाऊन राहिली.

---

एफसी_टेबल

पडतो, आणि मोठा पडतो.

एनआयटीत ५० टक्के जागा गृहराज्याच्या. महाराष्ट्रात एनआयटी एकच, आपली व्हीएनआयटी. जोसात तुमचं राज्य ठरतं ते बारावी कुठून झाली यावरून. घर कुठे आणि अधिवास कुठला हे पाहत नाहीत. राजस्थानातून बारावी केली की मुलगा राजस्थानचा, व्हीएनआयटीचा गृहराज्य कोटा गेला. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडच्या शाळेत नाव घातलं तरी तेच. नंतर गुण सुधारायला महाराष्ट्रातून पुन्हा परीक्षा दिली तरी पहिल्यांदा जिथून उत्तीर्ण झाला तेच राज्य धरतात. ट्रिपलआयटी नागपूरला मात्र गृहराज्याचा कोटा नाही, तिथे सगळ्यांना एकच रांग.

वैद्यकीयचं त्याहून कडक. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून असणं हा साधारण नियम. सरकारी नोकरांच्या मुलांसाठी वगैरे मोजके अपवाद आहेत, ते माहिती पुस्तिकेत शब्दन् शब्द वाचा. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची बहुतेक दारं याच कोट्यातून उघडतात.

ताई, दहावीच्या निकालानंतर पालक 'कुठे पाठवू' विचारायला येतील, तेव्हाच हे सांगणं हे तुमच्या कामातलं सर्वांत किमती वाक्य असेल. बारावीनंतर त्यावर इलाज उरत नाही.

---

बर्डीवाला

ऑप्शन फॉर्मबद्दल, म्हणजे कॅपमधल्या महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाबद्दल, थोडं. माझं म्हणणं, मिळण्यासारखं महाविद्यालय वर ठेवा. वर सगळी स्वप्नं लिहिली की पहिल्या फेरीत हात हलवत बसावं लागतं.

---

एफसी_टेबल

बर्डीवाला, याला मनापासून विरोध. अलॉटमेंट वरून खाली पाहत येतं आणि तुमच्या क्रमांकाला जे पहिलं बसतं ते देतं. वर दहा अशक्य पर्याय असले तरी अकराव्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. उलट मिळण्यासारखं वर ठेवलं तर त्याच्या खालचं, जास्त आवडीचं, कधीच मिळणार नाही. क्रम आवडीचाच हवा.

पण २०२५ च्या फेऱ्यांपासून त्यात एक धार आली. फेऱ्या चार झाल्या आणि आपोआप फ्रीझचा नियम आला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला मिळाला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला मिळाला, तर ती जागा पक्की धरली जाते आणि पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे वरच्या सहा ओळींत असं एकही नाव नको जिथे मुलगा प्रत्यक्ष जाणार नाही.

इथे घात होतो तो असा. घरात 'पुणे भरून तर पाहू' म्हणतात. पुण्यातलं एखादं महाविद्यालय दुसऱ्या नंबरला लिहितात. दुसऱ्या फेरीत ते लागतं. मग वसतिगृह, मेस, खोलीभाडं यांचा हिशोब होतो आणि आई म्हणते नको. तोवर नागपूरच्या चांगल्या जागेची पुढची फेरी त्यांच्यासाठी उरलेली नसते. म्हणून यादीला हात लावण्याआधी आईवडील आणि मूल तिघांना समोर बसवून तीन गोष्टी कागदावर घ्या: शहर सोडायचं का, वर्षाला एकूण किती रुपये झेपतील, आणि शाखा मोठी की महाविद्यालय मोठं. तिसऱ्यावर बाप-लेकाचं जमत नसेल तर त्या दिवशी यादी करू नका, दोन दिवसांनी बोलवा.

यादीची लांबी म्हणाल तर फॉर्म ३०० पर्यंत पर्याय घेतो. नागपूर-अमरावतीपुरतं बघणाऱ्याला ४० ते ६० नीट विचार करून लिहिलेले पुरतात. शेवटचे दहा असे असावेत की मागच्या तीन वर्षांत मुलाच्या क्रमांकाच्या बऱ्याच खाली बंद झालेत. ट्यूशन फी माफीच्या, टीएफडब्ल्यूएसच्या जागेचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी 'टी' असलेला. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर तो साध्या कोडच्या वरच्या ओळीत लिहा. या जागा मंजूर क्षमतेवर जास्तीच्या ५ टक्के असतात, कटऑफ चढा जातो, आणि माफ होते ती फक्त शिक्षण शुल्काची रक्कम, विकास शुल्क वगैरे भरावंच लागतं.

हिंदी, सिंधी अशा भाषिक अल्पसंख्याक दर्जाच्या महाविद्यालयांचे तक्तेही पाहून ठेवा. मातृभाषेची नोंद शाळेच्या दाखल्यावर आहे की नाही, हे अर्जाआधी तपासलेलं बरं.

---

मिहान_वाचक

नीटबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. १५ टक्के अखिल भारतीय कोटा, एम्स आणि अभिमत विद्यापीठं एमसीसीकडे (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती). उरलेला राज्य कोटा सीईटी सेलकडे. दोन वेगळ्या नोंदण्या, दोन वेगळी वेळापत्रकं, आणि तारखा एकमेकींत घुसतात. भिंतीवर एकच मोठा तक्ता लावा. एम्स नागपूरची सगळी जागावाटणी एमसीसीतून, त्यात महाराष्ट्राचा वेगळा वाटा नाही.

एमसीसीची अनामत रक्कम आधी सांगा: अखिल भारतीय कोट्याला खुल्यासाठी १०,०००, राखीवसाठी ५,०००, आणि अभिमतसाठी २ लाख. पहिल्या फेरीत जागा न घेता मोकळं होता येतं, दुसऱ्या फेरीत लागलेली जागा सोडली तर अनामत जाते. पालक 'फक्त बघायला' म्हणून अभिमतचे पर्याय टाकतात, त्यांना वर्षाची फी आधी मोठ्या अक्षरात लिहून दाखवा.

राज्यातला ७०-३० चा विभागीय कोटा २०२० मध्ये रद्द झाला. त्याआधीचे विदर्भाचे कटऑफ कुणी दाखवत असेल तर त्यावर विसंबू नका.

---

हिशोबनीस

नोंदणी आणि पैशाचं मी लिहितो. एकट्याने सुरू करताना भारी काही लागत नाही. एकट्याचं काम असेल तर गुमास्त्याला (दुकाने व आस्थापना नोंदणीला) फक्त ऑनलाइन सूचना पुरते. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. जीएसटी उलाढाल २० लाखांवर गेल्यावर. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहा. बँकेत वेगळं खातं आणि प्रत्येक रकमेची पावती, इतकं पहिल्या दिवसापासून पाळा.

फी ठरवताना काय देणार ते लिहून द्या. उदाहरणार्थ: कागदपत्रांची तपासणी एक बैठक, यादीच्या दोन बैठका, प्रत्येक फेरीनंतर अर्धा तास, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज. रक्कम दोन हप्त्यांत, अर्धी सुरुवातीला आणि अर्धी अंतिम गुणवत्ता यादी लागल्यावर. 'अमुक ठिकाणी प्रवेश झाला तर एवढे' असं कधीही ठरवू नका. त्याने सल्लागाराचा कल नकळत सुरक्षित महाविद्यालयांकडे जातो आणि मुलाचं नुकसान होतं.

कमिशनचं तर स्पष्टच बोलतो. काम थोडं चालायला लागलं की मे महिन्यात महाविद्यालयांचे लोक फोन करतात, प्रत्येक प्रवेशामागे रक्कम देऊ करतात. ती घेतली की तुम्ही मुलाच्या बाजूला उरत नाही. शुल्काबाहेर देणगी मागणं महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात मध्यस्थ म्हणून नाव येणं कुणालाही परवडणारं नाही. करारपत्रात एक ओळ छापा: 'आम्ही कोणत्याही संस्थेकडून मोबदला घेत नाही.' आणि ती पाळा.

व्यवस्थापन कोट्याबाबत, म्हणजे महाविद्यालय स्वतःच्या स्तरावर भरतं त्या जागांबाबत, पालकांना आणखी एक सांगा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थास्तरावर घेतला की ही सवलत गेली. शाहू महाराज शिष्यवृत्तीचीही अट अशीच. चार वर्षांचा फरक आकडे मांडून दाखवा, म्हणजे थोड्या 'बऱ्या' नावासाठी व्यवस्थापन कोट्याकडे धावणारे बरेच जण थांबतात.

---

वर्धारोड_ते_जग

परदेशाचं माझ्याकडे. ताई, पहिल्या वर्षी घेऊ नका. घ्याल तेव्हा एकाच देशापासून सुरुवात करा, कारण प्रत्येकाची यंत्रणा निराळी.

अमेरिका: कॉमन अ‍ॅप या सामायिक अर्ज-संकेतस्थळावर १ ऑगस्टला नवं वर्ष उघडतं, कमाल २० महाविद्यालयं, मुख्य निबंध ६५० शब्दांच्या आत. लवकरच्या अर्जांची तारीख बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या आसपास. अर्ली डिसिजन बंधनकारक असतं, त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक तिघांच्या सह्या. इथे आपल्याकडची गाडी रुतते. कॉमन अ‍ॅपमधला समुपदेशक शाळेचाच हवा, बाहेरच्या सल्लागाराने ती जागा भरायची नाही. नववी ते बारावीची गुणपत्रकं, शाळेचा अहवाल, शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. टाय-अप कॉलेजातल्या मुलाला ओळखणारा शिक्षकच नसतो, अकरावीचे गुणही नावापुरते. म्हणून अमेरिकेचा विचार असेल तर अकरावीचं कॉलेज निवडतानाच प्राचार्यांशी बोलून घ्या: अहवाल कोण भरेल, शाळेच्या ईमेलवरून पाठवेल का.

ब्रिटन: यूकास या तिथल्या सामायिक अर्जप्रणालीवर पाच पर्याय. २०२६ च्या प्रवेशापासून जुन्या सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न आहेत, मिळून ४,००० अक्षरं, प्रत्येकी किमान ३५०. ऑक्सफर्ड-केंब्रिजला १५ ऑक्टोबर.

जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं) प्रमाणपत्र लागतं, आणि वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात. फुकट शिक्षण म्हणून धावणाऱ्या पालकांना हा आकडा आधी सांगा.

प्रमाणपत्राचं विचारलंत. भारतात प्रवेश-सल्ला देण्यासाठी परवाना सक्तीचा नाही. तरी शिकायचंच तर एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा डिप्लोमा चांगला पाया देतो. परदेशी प्रवेशांसाठी युसीएलए एक्स्टेन्शनचा कॉलेज काउन्सेलिंगचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. अमेरिकेतल्या आयईसीए या स्वतंत्र सल्लागारांच्या संघटनेची आचारसंहिता वाचा, तिच्या सदस्यांना विद्यापीठांकडून मोबदला घेता येत नाही. आपल्याकडे परदेशी शिक्षणाची बरीच दुकानं विद्यापीठांच्या कमिशनवर चालतात, म्हणून सल्ला 'फुकट' मिळतो. तुमचा वेगळेपणा इथेच दिसेल.

निबंध मात्र कधीही लिहून देऊ नका. प्रश्न विचारा, कच्चा मसुदा वाचून कुठे धूसर आहे ते सांगा, वाक्य त्याचंच राहू द्या. धरमपेठेतल्या मुलाच्या निबंधात पन्नाशीतल्या माणसाची भाषा आली की वाचणाऱ्याला ती लगेच ओळखू येते.

---

ऑरेंजसिटी_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, वही भरून गेली. दोन शेवटचे प्रश्न. पहिल्या हंगामात किती कुटुंबं घ्यावीत? आणि अर्ज आपण भरायचा की मुलांकडून भरून घ्यायचा? काही जण मोबाइल नंबरही स्वतःचाच टाकतात म्हणे.

---

कागद_आधी

नंबर आणि ईमेल विद्यार्थ्याचा किंवा पालकांचाच, यात तडजोड नाही. ओटीपी ज्याच्या हातात, जागा त्याच्या हातात. नेट कॅफेवाल्याने स्वतःचा नंबर टाकलेला आणि फेरीच्या दिवशी तो फोन उचलत नाही, ही तक्रार दर वर्षी येते. लॉगिन त्यांचं, पासवर्ड त्यांच्या वहीत, टाइप मुलाने करायचं, तुम्ही शेजारी बसायचं. फॉर्म पक्का करण्याआधी छापील प्रत काढून प्रत्येक ओळीवर मुलाची टिकमार्क आणि खाली पालकांची सही घ्या. कागदांच्या प्रती तुमच्याकडे ठेवायच्या तर लेखी संमती घ्या आणि प्रवेश संपल्यावर पुसून टाका. मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पालकांची संमती लागते.

---

एफसी_टेबल

पहिल्या हंगामात १०-१२ कुटुंबं पुरे. अडचण एकूण वेळेची नसते, दोन-तीन दिवसांच्या खिडकीची असते. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की हरकतीला मोजके दिवस. त्यात प्रत्येकाचा प्रवर्ग, गृह विद्यापीठ, अल्पसंख्याक दर्जा, पर्सेंटाइल बरोबर चढलंय का हे ओळ न् ओळ पाहावं लागतं. अंतिम यादीनंतर ते बदलत नाही. अलॉटमेंटच्या दिवशी पुन्हा तेच: जागा स्वीकारायची, १,००० रुपये स्वीकृती शुल्क भरायचं, पुढच्या फेरीसाठी थांबायचं तर बेटरमेंट (हातातली जागा राखून वरच्या पर्यायाची वाट) निवडायचं, हे सगळं मुदतीत. पैसे भरले पण पर्यायच निवडला नाही, असंही होतं. तीसजण घेतले तर यातला एक तरी निसटेल.

त्या दिवसांत मुलं रडतात, घरात भांडणं होतात. ऐकून घ्या, पण तो उपचार तुमचा नाही. कुणाची तब्येत काळजीची वाटली तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक द्या आणि आईवडिलांना त्याच दिवशी सांगा.

---

गोसेखुर्द

अजून एक राहिलं. कॅपमधून प्रवेश घेतला, फी भरली, आणि नंतर जोसाच्या पुढच्या फेरीत किंवा सीसॅबमध्ये (जोसानंतर उरलेल्या जागांच्या फेऱ्यांत) व्हीएनआयटी लागली तर पैसे बुडतात का? कॉलेजं मूळ टीसी अडकवून ठेवतात असं ऐकलं.

---

हिशोबनीस

बुडत नाहीत, मुदत पाळली तर. सीईटी सेल प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख जाहीर करतं. तिच्या आत रद्द केलं तर १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. रद्द करायचं ते विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून ऑनलाइन, आणि त्याची छापील प्रत सही करून महाविद्यालयात द्यायची, पोच घ्यायची. नुसतं तोंडी सांगून किंवा व्हॉट्सअ‍ॅप करून आलेल्यांचे पैसे अडकतात. मूळ कागद अडवून ठेवायला एआयसीटीईची मनाई आहे. नकार मिळाला तर लेखी मागा आणि तीच प्रत जोडून प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे तक्रार टाका. गोसेखुर्दभाऊ, तुमचा मुलगा दोन्हीकडे असेल तर दोन्ही वेळापत्रकांतली रद्द करण्याची तारीख आजच कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, जोसातून माघार घ्यायची मुदत वेगळी असते.